टोलाची पाळी

आम्ही येरमाळ्याच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. कार्यक्रम सुरू होताना तुम्ही ‘ठण्ण’ असा आवाज ऐकला ना, ती देवळातली घंटा नव्हती. तो आमच्या गटाचा टोल. रेडिओच्या ताईंनी फोनवर विचारलं होतं, ‘विषय काय घेताय?’ आम्ही म्हटलं, ‘टोल.’ आमचं गाव सोलापूर-धुळे हायवेवर, त्यामुळं त्यांना वाटलं टोलनाक्याचं गाऱ्हाणं घेऊन येतायत! तसं नाही. गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत वर्षभर आम्ही टोल वाजवला. त्याची गोष्ट सांगायला आलोय. त्यात थोडं हसण्यासारखं आहे, आणि थोडी आमची चूकही आहे.

आमच्या गटात बारा जणी. बैठक दर बुधवारी संध्याकाळी सहाला. पंचसूत्री सगळ्यांना पाठ: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पण पहिल्याच सूत्रावर आमची गाडी अडायची. सहाची बैठक सातला भरायची. कुणाची म्हशीची धार राहिलेली, कुणाच्या नळाला तेवढ्यातच पाणी आलेलं. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकावा तर फोन नवऱ्याच्या खिशात, नाहीतर पोराच्या हातात. बारा जणींत स्वतःचा फोन असलेल्या पाचच. मग घरोघर हाका मारत फिरायचं, आणि फिरून येईपर्यंत आलेल्या दोघी-तिघी कंटाळून निघून गेलेल्या.

शाळेत इलेक्ट्रिक बेल आली आणि जुना टोल कोपऱ्यात पडला. तुम्ही शाळेत ऐकला असेल तसलाच, हातभर लांबीचा लोखंडी रुळाचा तुकडा आणि मारायला एक गज. जाणती माणसं म्हणतात, बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या रुळाचा असावा. आम्ही मागितला, गुरुजींनी दिला. बैठकीच्या जागेजवळ लिंबाच्या झाडाला टांगला. पाडव्यानंतरच्या पहिल्या बुधवारी सचिव वहिनींनी पावणेसहाला पाच टोल दिले. आधी पोरं पळत आली, शाळा भरली की काय म्हणून. त्यांच्यामागून बाया आल्या. सहाला बारा जणी हजर! चार वर्षांत असं झालं नव्हतं.

टोलाचं महत्त्व घड्याळ नसलेल्या बाईला विचारावं. मुंबईतला राजाबाई टॉवर तुम्ही चित्रात पाहिला असेल. १८७८ साली तो बांधून पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं त्याला पैसा दिला आणि आपल्या आईचं नाव लावलं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं. त्या जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. टॉवरचे टोल ऐकून त्यांना वेळ कळायची, कुणाला विचारावं लागायचं नाही. एवढीशीच गोष्ट, पण ‘किती वाजले गं?’ हे विचारायला लागू नये, याची किंमत आपल्याला कळते.

पुढं चैत्री पौर्णिमा आली. येडाईच्या यात्रेत बैठक कसली आणि टोल कसला! गावात पाय ठेवायला जागा नसते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडं निघते आणि लाखांनी माणसं चुना वेचतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. काळ्या रानातले चुनखडीचे पांढरे खडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे. एकेकानं चार-पाच खडेच टाकायचे असतात, पण बघता बघता ढीग उभा राहतो. त्या ढिगात कुणाचा खडा कोणता, हे कुणी विचारत नाही. हे आम्ही दरवर्षी बघतो. यंदा त्याचा अर्थ कळायला आम्हाला जरा उशीर लागला.

यात्रा झाली आणि आमच्यातल्या एकीच्या लेकीचा फोन आला. पोरगी नर्स आहे, दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली. तिथल्या लहानशा गावात राहते. आईनं टोलाचं सांगितलं तर पोरगी म्हणते, ‘आई, मीही घंटा वाजवायला शिकतेय!’ तिच्या घरामागं चर्च आहे. मनोऱ्यात सहा घंटा. दर आठवड्याला गावातली माणसं संध्याकाळी जमतात आणि सराव करतात. कुणी शिक्षक, कुणी ड्रायव्हर, कुणी रिटायर झालेली आजी. हिला एकटं वाटत होतं, म्हणून शेजारणीनं नेलं. हिनं आधीच सांगितलं की आम्ही हिंदू. ती बाई म्हणाली, ‘दोर ओढायला ये, धर्म विचारत नाही.’

पुढच्या बुधवारी तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं. आपल्याला वाटतं घंटा म्हणजे ओढली की वाजली. तिथली रीत वेगळी. घंटा शेकडो किलोची, मोठ्या लाकडी चाकाला बांधलेली. दोर ओढला की ती पूर्ण गरकन फिरते. वाजवणारी माणसं खाली गोल करून उभी राहतात, प्रत्येकाकडं एकच दोर. एकानं एकच घंटा वाजवायची. गाण्याची चाल वाजवत नाहीत. क्रम बदलत वाजवतात, आणि बदलायचा नियम एकच: एका वेळी घंटेनं फक्त शेजारणीशी जागा बदलायची. उडी मारून पुढं जायचं नाही.

आमच्या डोक्यात शिरेना. मग तिनं सांगितलं, तीन भांडी घ्या. आम्ही ताट, तांब्या आणि वाटी घेतली. तिघी बसल्या, हातात चमचे. ऐका हं, तुम्हीही घरी करून बघा. ताट, तांब्या, वाटी. तांब्या, ताट, वाटी. तांब्या, वाटी, ताट. वाटी, तांब्या, ताट. वाटी, ताट, तांब्या. ताट, वाटी, तांब्या. आणि परत ताट, तांब्या, वाटी. सहा क्रम झाले, एकही दुसऱ्यांदा आला नाही, आणि प्रत्येकीला एकदा तरी पहिलं वाजवायला मिळालं. पहिल्या खेपेला तांब्यावाली हसतच सुटली आणि सगळं विस्कटलं. पाचव्या खेपेला जमलं. तेव्हा अंगणात अशी शांतता झाली की आम्हीच एकमेकींकडं बघत राहिलो.

चार घंटांचे २४ क्रम होतात, पाचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. पाच हजारांवर क्रम न थांबता, कागद न बघता, मधे माणूस न बदलता वाजवले तर त्यांच्यात तो मोठा मान. त्याला तीनेक तास लागतात. आम्ही बारा जणी, म्हणून बारा घंटांचा हिशेब केला. ४७ कोटी ९० लाखांच्या वर क्रम! सगळे वाजवायचे म्हटलं तर तीस वर्षांहून जास्त लागतील. अक्का, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, म्हणाल्या, ‘तवर आमी कुठल्या राहतोय?’

पोरीनं आणखी एक सांगितलं. आसपासच्या गावांतल्या घंटा वाजवणाऱ्यांचा मिळून एक संघ असतो, गिल्ड म्हणतात त्याला. आपले गट, मग ग्रामसंघ, मग प्रभागसंघ असतो ना, तसंच. वर्षाची सभा, हिशेब, एकमेकांच्या गावी जाऊन वाजवणं, कुणाचे ठोके सगळ्यांत सारखे पडतात याची स्पर्धा. नोव्हेंबरात युद्धात मेलेल्यांची आठवण म्हणून घंटेच्या लोळीला एका बाजूनं कातडं बांधतात. मग एक ठोका खणखणीत आणि दुसरा लांबून आल्यासारखा दबका येतो. थंडीत घरात बसून हातातल्या लहान घंटांवर सराव करतात, एकेकाच्या हातात दोन.

आणि बायका? पूर्वी घेत नसत. म्हणायचे, घंटा जड, बायकांच्या हातचं काम नाही. १८९६ साली अॅलिस व्हाइट नावाच्या बाईनं पुरुषांच्या बरोबरीनं मनोऱ्यात पूर्ण तीन तासांचं वाजवून दाखवलं. १९१२ साली बायकांनी स्वतःचं गिल्ड काढलं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये सगळ्या दोरांवर बायकाच उभ्या राहिल्या. पोरगी म्हणाली, ‘जोर लागतच नाही गं. वेळ सांभाळावी लागते. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि आली की चुकायचं नाही.’

अशा घंटा आपल्याकडंही आहेत बरं का. पुण्याला गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्चमध्येही इंग्लंडहून आणलेल्या आठ आहेत.

तर त्या फोननंतर आम्ही ठरवलं की टोल सचिव वहिनींनी एकटीनं द्यायचा नाही. बारा जणींची पाळी लावायची. जिची पाळी, तिनं पावणेसहाला टोल द्यायचा आणि त्या दिवशीची बैठकही तिनंच चालवायची. कधी तोंड न उघडणाऱ्या बाया ‘आता बचत गोळा करा’ असं म्हणायला लागल्या. यादी करून वहीत चिकटवली.

आता पाळी म्हटलं की तुमच्या डोक्यात जे आलं तेच आमच्याकडं घडलं. एका सूनबाईची टोलाची पाळी आली आणि ती लांबच उभी राहिली. ‘मला आज चालत नाही,’ म्हणाली. आम्ही अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, ‘अगं, त्यो काय देव हाय व्हय? लोखंडाचा तुकडा त्यो. आगगाडी फिरलीया त्याच्यावरनं. मार!’ ती हसली, आम्ही हसलो, टोल वाजला. आम्हाला वाटलं, जिंकलं. आपला गट लई पुढारलेला.

श्रावणात बँकेचं कर्ज मंजूर झालं. वाटपाचा बुधवार ठरला. यादीप्रमाणं त्या दिवशी जिची पाळी होती, तिचे मालक तीन वर्षांपूर्वी वारले. ती गज घेऊन लिंबाखाली उभी राहिली, तेव्हा त्याच अक्का अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘बाई, आज चांगलं काम हाय. आजच्या दिस दुसरीला मारू दे. पुढल्या बुधवारी तू मार.’

तिनं गज खाली ठेवला. दुसरीनं टोल दिला. ती बैठकीत बसली, सही केली, आपल्या वाट्याची बचत दिली आणि गेली.

मैत्रिणींनो, अक्कांचं आम्ही तुम्हाला सांगतोय, पण चूक अक्कांची एकटीची नाही. बाकीच्या सगळ्या जणी तिथंच होतो. कुणी ‘का?’ म्हटलं नाही. वहीत ‘महिला सक्षमीकरण’ असं सुंदर अक्षरात लिहिणारा हातही आमच्यातलाच. तोही गप्प बसला. कर्जाची घाई होती, चांगल्या दिवशी वाद नको, अक्का मोठ्या आहेत, अशी कारणं आम्ही मनातल्या मनात गोळा केली.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ‘शेतात काम आहे,’ असा निरोप. पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती. एरवी तिनं गटातून उचल घेतली असती. आता तिनं एका खासगी कंपनीचं कर्ज घेतलं. व्याज जास्त, दर आठवड्याला हप्ता, आणि हप्ता चुकला की वसुलीचा माणूस दारात बसलेला. हे आम्हाला कळलं तोवर सप्टेंबर उजाडला होता. त्या महिन्यातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पाण्यात गेलं, कुठं जमीनच खरवडून गेली. आमची बैठक तीन आठवडे भरली नाही. टोल भिजत लोंबकळत राहिला.

त्या दिवसांत पोरीचा फोन आला. ती म्हणाली, दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजवायला बंदी होती. शत्रू उतरला तरच वाजवायच्या, असा हुकूम. तेव्हा माणसांनी घरात बसून हातातल्या घंटांवर सराव चालू ठेवला, म्हणून पुढं बंदी उठल्यावर वाजवणारे हात शिल्लक होते. आपणही करोनात देवळांचे दरवाजे बंद बघितलेत. यात्रा नाही, घंटा नाही. मग तिनं सहज विचारलं, ‘मावशी दिसत नाहीत कॉलवर?’ आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ती म्हणाली, ‘आमच्याकडं एक माणूस कमी असला तर बाकीच्यांनी जोरानं ओढून भागत नाही. त्याच्या जागेवर रिकामा ठोकाच पडतो. सगळ्या गावाला ऐकू येतो.’

त्या आठवड्यात आम्ही बिनटोलाची बैठक घेतली, एकीच्या ओसरीवर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावची बातमी आमच्यातल्या एकीनं वाचून दाखवली. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. वाचून झालं. अक्का काही बोलल्या नाहीत. एक जण म्हणाली, ‘कागदावर ठीक आहे.’ दुसरी म्हणाली, ‘आपण तर तिला कागदावरच्या यादीतनं उठवलं.’ त्या दिवशी एवढंच झालं.

जानेवारीत गटाची सहल काढली. बार्शी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण करत वाईला. वाईजवळ मेणवली आहे, ‘स्वदेश’ पिक्चरचं शूटिंग झालेलं गाव. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, आणि घाटावर लहानशा देवळीत टांगलेली मोठी घंटा. ती घंटा मुळात चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवस्थानांत लावल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच म्हणतात, भीमाशंकरचीही. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल कोरलेलं आहे, आणि बाळाला घेतलेल्या मेरी मातेचं चित्र.

अक्का तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं पाय दुखतायत. त्या म्हणाल्या, ‘ही कुणाची आई?’ आम्ही सांगितलं, येशूची. त्यांनी आणखी जवळून बघितलं. ‘हिच्या कपाळाला कुंकू न्हाई,’ म्हणाल्या. आम्ही म्हटलं, नाही. अक्का म्हणाल्या, ‘आन तरी देवाच्या घाटावर टांगलीया.’ पुढं पूर्ण सहलीत त्या त्यावर बोलल्या नाहीत. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी मात्र त्यांनी एक पेटी जास्तीची घेतली.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ती पेटी घेऊन तिच्या दारात गेल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच ठाऊक. आम्ही विचारलं नाही. बाकीच्या आम्ही त्या संध्याकाळी गेलो आणि आमच्या गप्प बसण्याची माफी मागितली. ती म्हणाली, ‘बसा, चहा ठेवते.’

बुधवारी ती आली. आम्ही मोठ्या उत्साहानं गज तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. म्हणाली, ‘आज माझी पाळी नाही. माझी येईल तेव्हा मी मारीन.’

आमच्या बीएच्या पुस्तकात एवढं कुणी शिकवलं नव्हतं. तिला आमची मेहरबानी नको होती. यादीतली तिची जागा हवी होती.

तिची पाळी फेब्रुवारीत आली. तिनं पाच टोल दिले. मग बैठक चालवली, आणि पहिला विषय स्वतःचाच घेतला: कंपनीचं कर्ज फेडायला गटातून उचल. मंजूर झाली. तिनं ते कर्ज मिटवलं, आता ती गटाचे हप्ते भरते.

सगळं गोड झालं असं मात्र सांगणार नाही. एक जण त्या आठवड्यापासून येत नाही. ‘असल्या गोष्टी आमच्या घरात चालत नाहीत,’ म्हणते. आम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आलो. तिचं नाव यादीत आहे. तिच्या पाळीच्या बुधवारी आम्ही पावणेसहाला टोलाजवळ उभ्या राहतो, पाच मिनिटं वाट बघतो, मग तिच्या नंतरचीनं टोल द्यायचा. रिकामा ठोका आम्हाला आता ऐकू येतो.

ऐकणाऱ्या बहिणींनो, तुमच्या गटात करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. टोल नसला तर पितळी ताट चालेल, पण जागा आणि वेळ एकच ठेवा. पाळीची यादी लिहून भिंतीला लावा, म्हणजे आयत्या वेळी कुणाला ‘आज तू नको’ म्हणता येणार नाही. उशिरा येणारीला आधी कारण विचारा, दंडाचं नंतर बघा. आणि जी सलग दोन बैठकांना आली नाही, तिच्या घरी त्याच संध्याकाळी जा. आम्ही दीड महिना थांबलो, आणि तेवढ्यात वसुलीचा माणूस तिच्या दारात आमच्या आधी पोहोचला.

पाडवा झाला, आता चैत्री पौर्णिमा येतेय. इंग्लंडची पोरगी सुट्टी घेऊन यात्रेला येणार आहे. अक्कांनी तिला बजावलंय, ‘आधी चुना वेचायचा, मग आमाला ती बारा भांड्यांची रीत शिकवायची.’ तुम्हीही या. चार खडे वेचा, आणि बुधवार असला तर पावणेसहाला लिंबाखाली या. त्या दिवशी कुणाची पाळी आहे ते यादीत बघून सांगू.